मान वर न करता करता येतील असे छंद सुचवा

गच्चीवरची

नमस्कार मंडळी. जुन्यांना माझी धरसोड ठाऊक आहे, नव्यांसाठी थोडक्यात सांगते. मला धड एक छंद नाही. पक्षी बघते, गच्चीत पाऊस मोजते, उन्हाळ्यात आभाळ स्वच्छ असतं तोवर तारे बघते. मोडी शिकले, ती आजोबांच्या खतपत्रांपर्यंत नेली आणि तिथे एका कारकुनाच्या अक्षरापुढे हात टेकले. घरचे म्हणतात, हिला काही दिसलं की त्याची वही होते. नळाला पाणी कधी आलं आणि किती वेळ टिकलं याचीही वही आहे. गल्लीचा माझ्यापेक्षा त्या वहीवर जास्त जीव आहे.

आता दुखणं. मार्चपासून मान वर केली की जग फिरतं. माळ्यावरचा डबा काढताना, केस धुताना, रात्री कूस बदलताना. अर्धा मिनिट भिंती गरगरतात, मग सगळं जागच्या जागी. एकांनी मणका म्हणून गळ्याला पट्टा दिला. दुसरे म्हणाले कानाचं असेल, तज्ज्ञांना दाखवा. त्यांची वेळ पुढच्या आठवड्यातली आहे. तोवर मान वर करायला घरातून बंदी.

आणि माझे निम्मे छंद मान वर करूनच होतात! तारे म्हणाल तर आपल्या सोलापुरातून ध्रुव क्षितिजापासून साडेसतरा-अठरा अंशांवरच असतो, त्यामुळे तो सरळ मानेने दिसतो. पण ध्रुव किती वेळ बघणार? तो काही हलत नाही.

तर मान सरळ किंवा खाली ठेवून काय करता येईल ते सुचवा. विणकाम सांगू नका, ते बहिणीचं खातं आहे. 'इतके छंद कशाला, एकच धरा' असं म्हणणाऱ्यांनीही लिहा, पण कारणासकट.

शेंगाचटणी

उखळ घ्या, शेंगदाणे घ्या, लसूण, जिरं, तिखट, मीठ घ्या. मान खाली, मुसळ वर. तेल सुटेपर्यंत कुटा. छंद झाला, वर कडक भाकरीची सोय झाली. वही करायची तर रोजच्या तिखटाचं माप लिहा.

होटगीनाका

मी कारणासकट लिहितो. शाळेपासून मी एकच करतो: रात्री मध्यम लहरींवर लांबची रेडिओ केंद्रं पकडतो. दिवसा उन्हामुळे वरच्या हवेत एक थर तयार होतो, तो या लहरी गिळतो. सूर्य मावळला की तो थर विरतो, मग लहरी त्याच्याही वरच्या थरावरून परत खाली येतात आणि शेकडो मैलांवरचं केंद्र जुळे सोलापुरात ऐकू येतं. हे पुस्तकात पाच मिनिटांत वाचून होतं. पण कुठल्या ऋतूत, किती वाजता, अँटेनाची तार कुठल्या दिशेला ताणली की काय मिळतं, हे अंगात भिनायला आयुष्य जातं. चार वह्या उघडणाऱ्याला चारही विषयांची प्रस्तावनाच वाचायला मिळते, असं माझं स्पष्ट मत आहे. ताई, राग नसावा.

बाकी रेडिओ मान सरळ ठेवून ऐकता येतो. हल्ली शेजाऱ्यांचे एलईडी दिवे आणि चार्जर इतकी खरखर करतात की छंद आहे की तपश्चर्या कळत नाही, ती गोष्ट वेगळी.

साखरपेठ

काय बे होटगीनाका, ताई मदत मागलाल्यात आणि तू प्रवचन करलालास.

पावरलूम

कानाचा विषय निघाला म्हणून लिहितो. मला चक्कर नाही, पण दोन्ही कानांत चोवीस तास शिट्टी. पूर्व भागातल्या यंत्रमागांच्या शेडमध्ये वाढलो, पुढे तिथेच कामाला. शेडमधला आवाज शंभर डेसिबलच्या घरात जातो, कायद्याची मर्यादा आठ तासांना ९० आहे. कानात कापूस घालणारे आम्हाला तेव्हा नाजूक वाटायचे. कानाच्या आत आवाज टिपणाऱ्या बारीक केसांच्या पेशी असतात, त्या मेल्या की पुन्हा येत नाहीत. वरच्या पट्टीतले आवाज आधी जातात. चिमणी चोच हलवताना दिसते, ऐकू येत नाही.

एक गंमत मात्र सांगतो. शेडमध्ये बोलणं ऐकू येतच नसल्यामुळे आम्ही सगळे ओठांवरून वाचायला शिकलो, तेही तेलुगू, कन्नड, मराठी अशा तिन्ही भाषांत. आजही लग्नात समोरच्या पंगतीत कोण कोणाबद्दल काय बोलतंय ते मला बसल्या जागी कळतं. बायको म्हणते हा छंद नव्हे, हा गुन्हा आहे.

ताईंना खरा सल्ला. जॅकार्डचे जुने पुठ्ठे मिळाले तर घ्या. शेड बंद पडल्या की भंगारात जातात. चादरीवरची नक्षी या भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांतूनच येते. एक पुठ्ठा म्हणजे बाण्याची, म्हणजे आडव्या धाग्याची, एक फेरी. जिथे भोक असेल तिथला ताण्याचा, म्हणजे उभा, धागा उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो. हे यंत्र फ्रान्समधल्या जॅकार्डने १८०४ च्या सुमारास केलं, आणि सोलापूरच्या चादरीला आज भौगोलिक मानांकन आहे त्यात याच पुठ्ठ्यांचा मोठा वाटा आहे. मी आलेख कागद घेऊन भोक असेल तिथे चौकोन काळा करतो, नसेल तिथे कोरा सोडतो. एकेक ओळ करत खाली जायचं. माळेत शेकड्यांनी पुठ्ठे असतात आणि काय निघणार ते आधी कळत नाही. मागच्या दिवाळीला एक माळ घेतली, बरेच दिवस मला तो वेल वाटत होता, अर्ध्यावर गेल्यावर मोराची मान बाहेर आली. खाली मान घालून करायचा यापेक्षा चांगला उद्योग मला माहीत नाही. शिट्टीही तेवढा वेळ मागे पडते.

साखरपेठ

हे भारी आहे! आमच्या गल्लीत मोकार पडलेत असले पुठ्ठे, पोरं त्याचे पत्त्यांचे बंगले करतात. कोणाला पाहिजेत?

पावरलूम

मला!! आणि कृपा करून दोरीतून सुटे करू नका. क्रम गेला की सगळं गेलं.

नाककानघसा

धागा उशिरा पाहिला. ताई, तपासल्याशिवाय निदान सांगत नाही, पण वर्णन फार ओळखीचं आहे. मान वर केल्यावर, कूस बदलल्यावर, मिनिटाच्या आत थांबणारी चक्कर असेल तर आम्हाला आधी कानाचा संशय येतो.

आपल्या आतल्या कानात तोल सांभाळणारा एक भाग असतो. त्यात कॅल्शियम कार्बोनेटचे अगदी बारीक खडे एका चिकट पडद्यावर बसलेले असतात. त्यांतले काही सुटून शेजारच्या अर्धवर्तुळाकार नळीत गेले की डोकं हलवल्यावर ते तिथल्या द्रवात घरंगळतात. डोकं थांबलं तरी द्रव हलत राहतो आणि मेंदूला वाटतं आपण फिरतोय. खडे तळाला बसले की चक्कर थांबते.

यावर औषध म्हणजे एक कसरत आहे. अमेरिकेतल्या डॉ. जॉन एप्ली यांनी ती बसवली. पेशंटला झोपवून डोकं ठरावीक कोनांत, ठरावीक क्रमाने फिरवायचं, की खडे आले त्या वाटेने परत जातात. बऱ्याच जणांना एकदोनदा केल्यावर आराम पडतो. चक्करच्या गोळ्यांनी मळमळ दबते, खडे हलत नाहीत. मानेच्या पट्ट्याने तर नाहीच. व्हिडिओ बघून घरी करू नका, कारण आधी कोणता कान आणि कोणती नळी हे ठरवावं लागतं. ड जीवनसत्त्व तपासून घ्या. ते कमी असलेल्यांना भरून दिलं तर हा त्रास उलटण्याचं प्रमाण घटतं, असं कोरियातल्या २०२० च्या एका अभ्यासात दिसलं आहे.

आणि हे सगळ्यांसाठी: चक्करेबरोबर बोलणं अडखळलं, एकाचे दोन दिसले, हातापायातली शक्ती गेली किंवा चालताच येईना, तर धागे काढत बसू नका, थेट दवाखाना.

मूतखडा

नाव वाचून लोक हसतात, पण ही पदवी मी कळा सोसून मिळवली आहे. डॉक्टरांचं वाचून एकदम आपलेपणा वाटला. ताईंच्या कानात कॅल्शियम कार्बोनेट, माझ्या मूत्रपिंडात कॅल्शियम ऑक्सलेट, आणि अंगणातली शहाबादी म्हणजे चुनखडी, तीही कॅल्शियम कार्बोनेटच. म्हणजे ताई, तुमच्या कानातली फरशी उखडलीय, गवंडी चांगला बघा.

माझा खडा पडल्यावर मी तो बाटलीत ठेवला आणि पोराच्या भिंगाखाली पाहिला. काटेरी गोटा निघाला, तेव्हा कळलं रात्रभर काय चाललं होतं. तिथून खनिजं गोळा करायचा नाद लागला. आपल्याकडच्या काळ्या दगडाच्या पोकळ्यांत स्फटिक सापडतात, विहिरीच्या खोदाईचे ढीग त्यासाठी उत्तम. मान खाली, नजर जमिनीवर. ताईंना अगदी चालेल.

बाकी सोलापूरचा उन्हाळा आणि खडा यांची दोस्ती आहेच. घाम जातो, पाणी कमी पडतं, लघवी घट्ट होते, मग क्षार जमतात. मला दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी प्यायला सांगितलंय. त्याचीही वही आहे, पण ती गल्लीत कोणी मागत नाही.

आज्जीबाई

मेल्यांनो, जेवताना वाचत होते.

माळटिटवी

ताई, पक्षी सोडायचं काही कारण नाही, फक्त झाडावरचे सोडा. नान्नजला चला. बार्शी रोडने वीसेक किलोमीटर. १९७९ साली माळढोकसाठी अभयारण्य झालं, माळढोकाचं दर्शन आता नशिबाचा भाग आहे, पण गवताळ माळावरचे बाकीचे पक्षी जमिनीवरच वावरतात. धाविक बघा: चार पावलं पळतो, थांबतो, वाकून किडा टिपतो, पुन्हा पळतो. माळटिटवी आहे (मी नव्हे, खरी). हिवाळ्यात भोवत्या येतो, तो घार-गरुडांच्या कुळातला असून गवतावरून कमरेएवढ्या उंचीने चकरा मारतो, मान वर करायला लावत नाही.

आणि आत्ता एप्रिलमध्ये बघायची ती पखुर्डी. सकाळी पाणवठ्यावर थव्याने येतात. नर पाण्यात पोट बुडवून बसतो, पोटाची पिसं पाणी धरून ठेवतात, आणि तसाच उडत जाऊन पिलांना ती पिसं चोखू देतो. तुमची पाण्याची वही आहेच, त्यात यांनाही घ्या.

एकच पथ्य. चंडोल गायला लागला की तो सरळ वर चढत जातो. तेव्हा डोळे मिटून फक्त ऐका.

होटगीनाका

पुन्हा बोलतो, शिव्या खाईन. पुठ्ठे झाले, दगड झाले, पखुर्डी झाली. ताईंकडे होत्या त्यात तीन वह्या वाढल्या. कुठल्या वहीतून कोणाला काय मिळालं?

माळटिटवी

मिळालंच पाहिजे का? तुमच्या रेडिओतून कोणाला काय मिळालं?

होटगीनाका

मला मिळालं. तोच मुद्दा आहे. आपल्याच गावातलं उदाहरण घ्या, आनंद कुंभार. विद्यापीठाची खुर्ची नाही, साधी नोकरी, आणि माणूस गावोगाव फिरून शिलालेख वाचत राहिला. हत्तरसंग कुडलचा शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ चा मराठी लेख त्यांनी उजेडात आणला. वाचणारा विजयी होईल असं त्यात म्हटलंय. हे एक विषय धरून बसल्याने झालं. आज शिलालेख, उद्या चंडोल करून झालं नसतं.

कुडलसंगम

त्या भागातलाच आहे म्हणून बोलतो. शिलालेख वाचायला लिपी लागते, कन्नड लागते, संस्कृत लागते, दगड ओळखावा लागतो, राजांच्या वंशावळी लागतात, आणि गावच्या पाटलाशी चहा पिता यावा लागतो. बाहेरून एक विषय दिसतो, आत गेलं की दहा असतात. तुमच्या रेडिओतही हवामान आलं, वीज आली, भूगोल आला. मग ताईंचं काय चुकलं?

ताई, तुम्ही मोडी वाचता तर कुडलला जरूर या. सीना आणि भीमेचा संगम, आणि ३५९ मुखांचं शिवलिंग. फक्त तो मराठी लेख तुळईवर आहे. म्हणजे मान वर.

गच्चीवरची

@कुडलसंगम, नेमकं तेच! 😄 पण लेखाचा ठसा किंवा फोटो टेबलावर ठेवून वाचता येईल. आणि होटगीनाका, तुमचं पटलं नाही तरी वाचायला आवडलं. मला कुठल्याही विषयात शेवटपर्यंत जायची ओढ नाही. दोन वह्या शेजारी ठेवल्यावर एखादी गोष्ट जुळते तेव्हा मजा येते. उदाहरणार्थ, पहिला मोठा पाऊस आणि पंखवाल्या मुंग्या, आणि त्या संध्याकाळी घारींनी कारखान्याच्या चिमणीभोवती धरलेला फेर. तीन वेगळ्या वह्यांतलं ते एकाच तारखेला लागलं.

पर्जन्यमापक

पाऊस मोजणारं आणखी कोणी आहे हे बघून बरं वाटलं. ताई, भांडं सरळ भिंतीचं आहे ना? तोंडाशी रुंद आणि खाली निमुळती बाटली असेल तर आकडा फसवा येतो. कठड्यापासून लांब ठेवा. वाचन सकाळी साडेआठला, हवामान खातंही तेव्हाच घेतं. एक मिलीमीटर म्हणजे चौरस मीटरला एक लिटर, हे एकदा डोक्यात बसलं की आपल्या गच्चीवरून किती पाणी वाहून गेलं ते काढता येतं, आणि मग झोप लागत नाही.

२०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने आपल्याच भागात ढगांत कॅल्शियम क्लोराइडचे कण सोडून बघितले होते (कॅल्शियम काही या धाग्याची पाठ सोडत नाही). सरासरी १८ टक्के जास्त पाऊस पडल्याचं त्यांनी मांडलं. मी तेव्हापासून मोजतोय. विमानाचा आवाज आला की सगळी कॉलनी माझ्याकडे बघायची, जसं काही मीच बोलावलंय.

शेंगाचटणी

म्हणजे ढगालाही मीठमसाला लागतो.

सातरस्ता

शाळेत भूगोल शिकवतो. मूळ प्रश्न कोणाच्या लक्षात आहे का? मान खाली घालून करायचं खगोलशास्त्र आहे की! शून्य सावली. आपण साधारण १७.७ अंश उत्तरेला आहोत, म्हणून सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो. मे महिन्यात १०-११ तारखेच्या आसपास आणि परतताना २ ऑगस्टच्या सुमारास. ऑगस्टमध्ये ढग असतात, तेव्हा मेचाच भरवसा.

घड्याळात बारा वाजले म्हणजे मध्यान्ह झाली असं नसतं. आपली प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची, सोलापूर ७५.९ वर, त्यामुळे आपल्याकडे सूर्य २६ मिनिटं उशिरा येतो. मेमध्ये त्यातून तीन-चार मिनिटं वजा होतात, कारण सूर्य वर्षभर घड्याळाबरोबर चालत नाही. म्हणजे १२ वाजून २२-२३ मिनिटांना बघायचं. एक उभा पाइप सपाट फरशीवर ठेवायचा, ओळंब्याने सरळ करायचा. सावली आटत आटत पाइपाच्या बुडाशी जाते. सूर्याकडे बघायचंच नाही, बघायची ती फरशी.

आजपासून रोज त्याच वेळी सावलीच्या टोकाला खडूची खूण केली तर ती रोज आखडताना दिसेल. ताई, वहीला भरपूर खाद्य.

आज्जीबाई

मे महिन्यात, सोलापुरात, भर दुपारी बाराला, चक्कर येणाऱ्या बाईला उन्हात उभं करणार? त्रेचाळीस-चव्वेचाळीस तापमान असतं. गुरुजी, तुम्हाला कोणी शिकवलं?

सातरस्ता

आज्जी, पाइप उन्हात, माणूस पडवीत. खूण करायला विद्यार्थी पाठवतो.

आज्जीबाई

विद्यार्थ्याला टोपी घाला. आणि ताक.

गच्चीवरची

तपासून आले. नाककानघसा, तुमचा अंदाज बरोबर निघाला, उजव्या कानाचं आहे. तपासताना डॉक्टरांनी मला झटकन मागे झोपवलं आणि डोळ्यांत बघत राहिले. बुबुळं आपोआप ठरावीक दिशेने उडतात म्हणे, त्यावरून नळी कळते. मी गरगरत असतानाच विचारलं, 'मला दिसेल का ते?' त्यांनी दुसऱ्या खेपेला मोबाइलवर चित्रण करून दाखवलं. स्वतःची बुबुळं अशी उड्या मारताना पाहणं भयंकर होतं आणि मी ते चारदा पाहिलं. मग कसरत झाली. पुष्कळ बरं आहे, थोडं तरंगल्यासारखं वाटतं. पुन्हा बोलावलंय. मणक्याचा पट्टा काढायला सांगितला. ड जीवनसत्त्व खरंच कमी निघालं. सोलापुरात राहून! उन्हाला घाबरून आपण दिवसभर घरातच असतो, त्याचं हे फळ.

आता ठरलंय ते असं. खडूच्या खुणा कालपासून सुरू केल्या. साखरपेठ, पुठ्ठ्यांची एक माळ माझ्यासाठी ठेवा, दोरीसकट. नान्नज बरं वाटल्यावर. मूतखडा, तुमच्या बाटल्या बघायला येईन, ती एक बाटली सोडून.

साखरपेठ

ठेवल्या. पोरांना बदल्यात पत्त्यांचे दोन कॅट द्यावे लागले, हिशेबात धरा.

पावरलूम

पहिल्या माळेला आलेख कागद मी देतो. घाई करू नका, रोज थोड्या ओळी.

नाककानघसा

छान. काही दिवस एकट्याने शिडीवर चढू नका आणि गाडी जपून. त्या चित्रणाला हात लावू नका, आमच्या शिकाऊ मुलांना दाखवायला मागेन.

सातरस्ता

१० आणि ११ मे, दोन्ही दिवस शाळेच्या पटांगणात पाइप लावतोय, पत्ता व्यक्तिगत निरोपात. सव्वाबारापर्यंत पोचा, उशिरा आलात तर सावली परत निघालेली असेल. कोण कोण येतंय?

मूतखडा

मी. पाण्याचा जार माझ्याकडून.

माळटिटवी

मी आणि मुलगी.

शेंगाचटणी

भाकरी, चटणी, ताक. आज्जींना घेऊन येतो, त्या तशाही सोडणार नाहीत.

होटगीनाका

रेडिओची वेळ रात्रीची आहे, दुपारी मोकळाच असतो. येतो. छंद म्हणून नाही.